दारात शमी लावायची तर

पाऊस कमी, जमीन मुरमाड, विहीर होळीच्या आसपासच तळ दाखवते. अशा ठिकाणी सावली मिळावी आणि गाणारी पाखरंही यावीत म्हणून कोणतं झाड लावू, असं कुणी विचारलं की मी शमी सांगते. बहुतेकांचा चेहरा पडतो. काटे असतात हो, वाढत नाही हो लवकर, त्यापेक्षा गुलमोहर बरा. गुलमोहर भराभर वाढतो, नाही कशाला म्हणू? पण ऐन सावली हवी त्या मार्च-एप्रिलात तो खराटा होऊन उभा असतो, आणि वळवाच्या पहिल्या वादळात त्याची एखादी फांदी हमखास मोडून पडते. पाखरांच्या दृष्टीने म्हणाल तर त्याच्यावर बसायला जागा आहे, खायला फारसं काही नाही.

शमीचं सगळं उलटं. भोवतालचं रान वाळून कोळ झालेलं असताना तिला नवी पालवी फुटते. त्याच सुमाराला बोटभर लांबीचे पिवळट तुरे येतात. दुरून ते दिसतही नाहीत. जवळ जाऊन उभं राहिलं की आधी गुणगुण ऐकू येते, मग मधमाश्या, गांधीलमाश्या, बारके भुंगे, मुंग्या असा सगळा बाजार नजरेत भरतो. गाणाऱ्या पाखरांपैकी बरीचशी किडे खाणारी, आणि जी एरवी फळं किंवा मध खातात तीसुद्धा पिलांना किडेच भरवतात. त्यामुळे पिलांचा हंगाम सुरू होतो तेव्हा शमी म्हणजे त्यांचं भरलेलं कोठार असतं.

कोरडवाहू मुलखाचं झाड म्हणून तिची परीक्षा कधीच झालेली आहे. थारच्या वाळवंटात जैसलमेरकडे वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस, तिथे ती खेजडी म्हणून बाजरीच्या शेतात उभी असते आणि शेतकरी ती तोडत नाही, कारण तिच्याखालचं पीक चांगलं येतं. जोधपूरजवळच्या खेजडलीत 1730 मध्ये राजाच्या माणसांपासून ही झाडं वाचवताना 363 बिश्नोई माणसं मारली गेली, अमृतादेवी त्यांतली पहिली. आज ती राजस्थानचा राज्यवृक्ष आहे, जम्मी या नावाने तेलंगणाचा आहे, आणि घाफ म्हणून संयुक्त अरब अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष आहे. आपल्या सोलापूर, नगर, धाराशिव पट्ट्यातल्या काळ्या रानांच्या बांधावर जुन्या सौंदडी दिसतात, त्या हीच शमी. म्हणजे बाहेरून काही आणायचं नाही.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे नंतर बोल नको. खाट टाकून पडता येईल अशी सावली मिळायला आठ-दहा वर्षं लागतात. पहिली तीन-चार वर्षं तर झाड जागचं हलत नाही असंच वाटतं. ते वाढत असतं, पण खाली. मोठ्या शमीचं सोटमूळ वीस-तीस मीटर खोल गेल्याच्या नोंदी आहेत, आणि लहानपणी तिचा सगळा जीव त्या मुळातच असतो.

रोप शमीचंच आहे ना

नर्सरीत शमी मागितली की दोन भलतीच झाडं हातात पडू शकतात. पहिलं म्हणजे सिगमकाटी. कुंडीत, बोन्सायला शमी म्हणून सर्रास तीच खपते. तिला फुलं आली की फसवणूक कळते: तुरा दोनरंगी असतो, अर्धा गुलाबी, अर्धा पिवळा, दिसायला फारच देखणा. तिच्या शेंगा पिळवटलेल्या असतात. तीही इथलीच आहे, वाईट नाही, पण ते झुडूप आहे. तिच्याखाली खाट येणार नाही.

दुसरं म्हणजे वेडी बाभूळ, म्हणजे विलायती. ही शमीची जवळची नातेवाईक, पण परदेशातून आलेली आणि एकदा घुसली की रान खाऊन टाकणारी. तिला ओळखायचं काट्यावरून. वेड्या बाभळीचे काटे पानाच्या बेचक्यात, बहुधा जोडीने, लांब आणि जबर. शमीचे काटे आखूड, बुडाशी रुंद, आणि दोन पानांच्या मधल्या जागेत फांदीवर कुठेही विखुरलेले. एकदा बोटाने चाचपून पाहिलं की पुन्हा चूक होत नाही. शेंगाही वेगळ्या: वेड्या बाभळीची जाडजूड, पिवळी, चपटी, शमीची बारीक, गोल, वीतभर लोंबणारी.

बिकानेरच्या केंद्रीय संस्थेने ‘थार शोभा’ नावाची बिनकाट्याची जात काढली आहे, डोळा भरून तिची कलमं करतात. कोवळ्या शेंगांच्या, म्हणजे सांगरीच्या भाजीसाठी ती उत्तम. पण पाखरांसाठी लावणार असाल तर मी काटेरीच लावा म्हणेन. का, ते पुढे येईल.

बी

मला विचाराल तर रोप विकत आणूच नका. गावाच्या आसपासची एक जुनी, निरोगी, डेरेदार शमी हेरून ठेवा आणि तिच्या शेंगा आणा. उन्हाळ्यात हिरव्या शेंगा लोंबायला लागतात आणि पावसाच्या तोंडावर पिवळट तपकिरी होतात. झाडावरच्या, नुकत्या पिकलेल्या तोडायच्या. खाली पडलेल्यांना टाचणीएवढी भोकं दिसली तर त्या सोडून द्या, भुंगेऱ्याने आतलं बी पोखरलेलं असतं. शेंगा दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवल्या की हाताने मोडतात. आत कोरडा, गोडसर गर आणि त्यात दहा-पंधरा तपकिरी, चकचकीत बिया.

या बियांचं कवच दगडासारखं. तसंच पेरलं तर काही बिया उगवतील, काही वर्षभर मातीत नुसत्या पडून राहतील. मूठभर बियांसाठी सगळ्यात खात्रीचं हत्यार म्हणजे नखं काढायचं नेलकटर. बीचं एक टोक जिथे देठाला चिकटलेलं असतं ते सोडायचं आणि त्याच्या विरुद्ध टोकाला कवचाचा इतकुसा टवका काढायचा, आतला पांढरटपणा दिसेल इतपतच. मग रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालायचं. सकाळी टवका बरोबर बसलेलं बी फुगून दुप्पट झालेलं असतं, न बसलेलं जसंच्या तसं तळाशी. त्याला पुन्हा कापायचं. बिया जास्त असतील तर पाणी उकळून खाली उतरवायचं, त्यात बिया टाकायच्या आणि ते तसंच गार होऊ द्यायचं. बियांखाली जाळ ठेवायचा नाही, शिजतात.

ज्यांच्याकडे शेळ्या आहेत त्यांनी एवढंही करायला नको. शेळी शेंगा खाते आणि तिच्या पोटातून आलेलं बी मऊ झालेलं असतं. लेंडीखतात पावसाळ्यात आपोआप उगवलेली रोपं बघा, त्यांत शमी सापडते.

पेरायचं कुठे? शक्य असेल तर थेट जागेवर, जिथे झाड हवं तिथेच. मृगाचा पाऊस पडून जमीन हातभर ओली झाली की तीन-चार भिजवलेल्या बिया बोटाच्या एका पेराएवढ्या खोल टोचायच्या. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. सगळे आले तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहू द्यायचे आणि मग सगळ्यात धट्टाकट्टा ठेवून बाकीचे कात्रीने बुडाशी कापायचे. उपटायचे नाहीत, राहणाऱ्याचं मूळ दुखावतं. जागेवर उगवलेल्या झाडाचं सोटमूळ कधीच मुडपलं जात नाही, आणि हा फायदा पिशवीतल्या रोपाला कितीही लाड केले तरी मिळत नाही.

जागेवर पेरणं जमणारच नसेल, कारण कोंबड्या, शेळ्या, घराचं काम, तर पिशवी घ्या. पण उंच घ्या, फूटभर तरी. नेहमीची सहा इंची पिशवी शमीला दोन महिनेही पुरत नाही. वर वीतभर रोप दिसतं आणि खाली मूळ पिशवी फोडून जमिनीत उतरलेलं असतं. ओढून काढलं की तेच तुटतं. दोन भाग पोयटा, एक भाग वाळू, एक भाग जुनं शेणखत. पिशव्या जमिनीवर न ठेवता विटांवर जाळी टाकून त्यावर ठेवायच्या म्हणजे खाली आलेलं मूळ हवा लागून थांबतं.

जागा

सावलीचं झाड घराच्या पश्चिमेला लावावं हे सगळे सांगतात. मी त्यात थोडी भर घालते: पश्चिमेला, पण किंचित उत्तरेकडे सरकून. मे महिन्यात सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, उत्तरेकडे ढळून मावळतो. दुपारी तीननंतर भिंत तापवणारं ऊन त्या बाजूने येतं. भर दुपारची गोष्ट वेगळी. सोलापूरकडच्या पट्ट्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य अगदी डोक्यावर, त्यामुळे बाराच्या सुमाराला झाडाची सावली झाडाखालीच असते. बाजूच्या भिंतीला तिचा उपयोग शून्य. तेव्हा आधी ठरवा, सावली भिंतीला हवी की बसायला.

घरापासून पंधरा-वीस फूट सोडा. शमीचं मूळ खाली जाणारं असल्याने पायाला भीती कमी, पण डेरा पसरतो आणि फांद्या पत्र्यावर घासायला लागल्या की मग कुऱ्हाड निघते. वरून विजेच्या तारा जात असतील तर तिथे लावूच नका. तारांखालच्या झाडाची दरवर्षी कत्तल होते, आणि ती पाखरांच्या विणीच्या दिवसांतच होते, कारण तोडणी पावसाळ्याआधी असते.

जमीन कसलीही चालते. मुरूम, वाळू, चोपण, भारी काळी. एकच अट: लहानपणी तिच्या पायात पाणी तुंबू नये. काळ्या रानात खोलगट जागी लावण्याऐवजी बांधाच्या कडेला लावा.

खड्डा आणि पाणी

दीड फूट लांब, रुंद, खोल पुरे. मुरमात मोठा खड्डा खणण्यापेक्षा खड्ड्याच्या तळाशी पहारीने आणखी हात-दीड हात खोल भोक पाडण्यात शहाणपण आहे. मुळाला वाट तिथून मिळते. निघालेलीच माती परत भरायची, त्यात दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड. कच्चं शेण घातलं की वाळवी हजर. रासायनिक खताची गरज नाही, ही शेंगवर्गातली आहे, मुळांवरच्या गाठींतून नत्र स्वतः मिळवते.

पिशवीतलं रोप लावायला आर्द्रा बरी. पिशवी ओढून नव्हे, ब्लेडने उभी चिरून काढायची आणि मातीचा गड्डा अख्खा खड्ड्यात ठेवायचा. भोवती परातीसारखं उतरतं आळं करायचं, म्हणजे पावसाचा शिरवाही झाला तरी चार थेंब बुडाशी येतात.

पाण्याबद्दल माझं घरच्यांशी नेहमी वाजतं. आमच्याकडे सकाळी तोंड धुतलं की झाडाला तांब्याभर पाणी टाकायची सवय. प्रेमाने करतात, पण शमीच्या बाबतीत हे प्रेम घातक. रोज तांब्याभर पाण्याने वरची चार बोटं माती ओली होते, मुळं तिथेच रेंगाळतात, आणि आठवडाभर घर बंद राहिलं की झाड माना टाकतं. त्यापेक्षा पावसाळा संपल्यावर दर बारा-पंधरा दिवसांनी एकदा, पण दोन बादल्या, सावकाश. दुसऱ्या वर्षी महिन्याने एकदा. तिसऱ्या उन्हाळ्यात पाऊस दगा देऊन गेला असेल तरच. त्यानंतर बादली दुसऱ्या झाडाकडे न्या.

पाणी लांबून आणावं लागत असेल तर रोपापासून हातभर अंतरावर जुनं मडकं गळ्यापर्यंत पुरा. बुडाला बारीक भोक, त्यात सुती चिंधीची वात. मडकं भरून वर झाकण ठेवायचं, नाहीतर डास होतात आणि सरडे पडतात.

पहिल्या उन्हाळ्यात पानं गळून रोप काडीसारखं दिसलं तर लगेच उपटू नका. नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवं असेल तर ते जिवंत आहे. शेंडा वाळला आणि बुडाजवळून नवीन फूट आली, असंही बऱ्याचदा होतं.

खरा शत्रू शेळी. शमीचा पाला तिला इतका प्रिय की बाकी सगळं सोडून ती तिथेच येईल. लोखंडी जाळी असेल तर उत्तम, नसेल तर बोरीच्या काट्या चारी बाजूंनी रोवा, छातीएवढ्या उंच, आणि दरवर्षी नव्या घाला. झाड शेळीच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत, म्हणजे चार-पाच वर्षं, हे काम चुकवायचं नाही. बाकीची सगळी मेहनत याच्यापुढे किरकोळ आहे.

तोवर सावलीचं काय? शमीपासून दहा-बारा फुटांवर शेवगा लावा. दोन वर्षांत डोक्यावर जातो, फुललेला असतो तेव्हा शिंजीर दिवसभर त्याच्यावरून हलत नाही, शेंगा घरात येतात. शमी भरली की शेवगा काढून टाकायचा.

छाटणी

इथे सावली आणि पाखरं यांचं भांडण आहे, आणि ते नीट सोडवलं नाही तर दोन्हींपैकी एकच मिळतं.

सावलीसाठी बसायचं तर खालच्या फांद्या काढाव्या लागतात. शमी मोकळी सोडली तर झुडपासारखी बुडापासून पसरते. पण बुलबुल घरटं करतो ते माणसाच्या कमरेपासून डोक्यापर्यंतच्या उंचीत, काटेरी गचपणात. शिंजीराचं लोंबतं घरटंही तसंच, फार उंच नाही. सुबक छाटून, बुंधा चकाचक करून, वर छत्री ठेवलेल्या झाडावर पाखरं येतात, बसतात, उडून जातात. राहत नाहीत. बंगल्यांपुढची झाडं बघा.

माझा उपाय साधा आहे. झाडाची एक बाजू आपली, एक बाजू पाखरांची. ज्या बाजूला आपण बसणार, म्हणजे घराकडची, तिथल्या खालच्या फांद्या हळूहळू उचलायच्या. पलीकडची, बांधाकडची बाजू जमिनीपर्यंत तशीच लोंबू द्यायची. तिथे कात्री न्यायचीच नाही. वाळलेली फांदीसुद्धा पडेपर्यंत ठेवायची, कारण दयाळाला गाण्यासाठी असलं उघडं टोक लागतं; पानांत बसून तो क्वचितच गातो.

घराकडची बाजूही एकदम उघडायची नाही. पहिली तीन वर्षं छाटणी अजिबात नको, पाला असेल तितकं मूळ पोसतं. त्यानंतर दोन-तीन सरळ फुटव्यांतला एक बुंधा म्हणून निवडायचा. दरवर्षी फक्त सगळ्यात खालची एक-दोन फांदी, आणि एकूण उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जायचं नाही. फांदी बुंध्याला जिथे मिळते तिथे फुगीर कडं असतं, ते राखून त्याच्या पुढे करवत चालवायची. आधी खालून अर्धवट काप, मग वरून, म्हणजे साल सोलत नाही. जखमेवर शेण, रंग काही लावू नका. हातात जाड मोजे घाला. शमीचा काटा बोटात मोडला तर आठवडाभर ठणकतो.

वेळ डिसेंबर-जानेवारी. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत कुणाचं ना कुणाचं घरटं असतंच, तेव्हा कितीही अडचण झाली तरी फांदीला सुतळी बांधून बाजूला घ्या, तोडू नका. राजस्थानात हिवाळ्यात चाऱ्यासाठी अख्खं झाड सवळतात. जनावरांना पाला मिळतो, पण असं ओरबाडलेलं झाड त्या वर्षी धड फुलत नाही, शेंगाही धरत नाही. फुलं नाहीत म्हणजे किडे नाहीत, म्हणजे पाखरं नाहीत.

पाखरं

काट्यांचा मुद्दा आता. मांजर, मुंगूस, कावळा, भारद्वाज, सगळे घरट्यांच्या मागावर असतात. काटेरी फांद्यांच्या जाळीत बुलबुल शिरतो तसा कावळा शिरू शकत नाही. बिनकाट्याच्या झाडावर ही आडकाठी नाही. सुगरणसुद्धा काटेरी फांदी आणि खाली पाणी असेल अशी जागा आधी पाहते. शमी विहिरीवर झुकलेली असेल तर खोपे लागायची शक्यता बरीच. खाटीक तर काट्याचा उपयोग खुंटीसारखा करतो, एखादा नाकतोडा टोचून ठेवलेला दिसला की समजायचं तो आसपास आहे. त्याचं नाव वाईट, पण दुसऱ्यांच्या आवाजाच्या नकला करत गातो फार छान.

शमीवर कोण काय करतं हे एकदा सकाळी सातच्या आत खुर्ची टाकून बघा. शेंड्याला कोतवाल आणि वेडा राघू, तिथून झेप घेऊन उडते किडे टिपणारे. मधल्या पाल्यात सुभग, फांदीला उलटा लटकून पानांच्या खालच्या अळ्या वेचतो आणि मधूनच लांबलचक शीळ घालतो. नाचण शेपटीचा पंखा उघडत-मिटत एका जागी ठरत नाही. शिंजीराची मादी पानांपेक्षा कोळ्यांच्या जाळ्यांमागे जास्त. कोळीही खाते आणि घरट्याला जाळंही नेते. बुडाशी पाचोळ्यात चिरक, शेपटी वर करून, आणि सातभाईंची टोळी, जिचा गोंधळ गाण्यात धरायचा की नाही हे तुम्ही ठरवा.

सगळं एकटी शमी पुरवत नाही. तिची पानोळी इतकी बारीक की शिंप्याला शिवायला पान नाही. तो अळ्या खायला येईल, घर मात्र रुंद पानाचं झुडूप शोधेल. तिला मऊ फळंही नाहीत. म्हणून पाखरांच्या बाजूला, वीसेक फुटांवर एक भोकर लावा: पान रुंद, फळं बुलबुलांना आणि कोकिळेला आवडणारी, पाणी कमीच लागतं. शमीच्या पायथ्याशी एखादी बोर आणि मिळाली तर नेप्ती, म्हणजे खालचं गचपण भरतं. घाणेरी नको, फुलपाखरं येतात म्हणून लावली की पुढच्या पिढ्या ती खणत बसतील.

पाचोळा झाडू नका. हे सांगणं सोपं आणि पाळणं फार कठीण, कारण झाडलोट न केलेलं अंगण म्हणजे घरातल्या बाईचा आळस, असं बघणारे ठरवतात. मी बसायची जागा झाडते आणि पलीकडे खराटा नेत नाही. पाचोळ्याने साप येतात म्हणून घाबरवणारे भेटतील. साप येतो तो उंदरामागे. दगडविटांचे ढिगारे, सरपणाच्या मोळ्या, सांडलेलं धान्य, हे झाडाजवळ ठेवू नका. बोटभर थराच्या पाचोळ्याने काही होत नाही.

पाणी ठेवायला पसरट मातीचा परळ घ्या, दोन इंचांपेक्षा खोल नको, तळ खरबरीत हवा. गुळगुळीत स्टीलच्या ताटात पाखराचे पाय घसरतात, शिवाय उन्हात पाणी चटका बसेल इतकं तापतं. परळ डेऱ्याच्या कडेला, उंच दगडावर, असा की मांजराला दबा धरायला आडोसा नसेल आणि पाखराला दोन झेपांत काट्यात शिरता येईल. पाणी रोज बदलायचं, आठवड्याला नारळाच्या काथ्याने घासायचं. दाणे ठेवायचेत तर थोडी बाजरी, मुनिया आणि चिमण्या येतील. ढीग घातला की पारवे येतात आणि मग बाकी कुणाला जागा उरत नाही. शिळी पोळी, फरसाण, भात टाकणं म्हणजे कावळ्यांना आमंत्रण, आणि कावळा आला की घरट्यांचं काही खरं नाही.

फवारणी कसलीच नको. शमीच्या पानांवर आणि तुऱ्यांवर गाठी येतात, कधी वाटाण्याएवढ्या टणक. लोक रोग समजून औषध आणायला धावतात. कोळीवर्गातले सूक्ष्म जीव आणि बारीक माश्या त्या करतात, झाडाला त्यांचं फारसं वाटत नाही. पाने खाणाऱ्या अळ्या दिसल्या तर आनंद माना. काळजी करायची ती मोठं झाड शेंड्यापासून एकेक फांदी वाळवत चाललं तर. बुडाशी माती उकरून बघा: मुळं पोखरणारी, अंगठ्याएवढी पांढरी अळी असते, किंवा बुंध्याशी तपकिरी चकचकीत भूछत्र उगवलेलं असतं, म्हणजे मूळ कुजतंय. अळी हाताने वेचता येते. भूछत्राला औषध नाही. ते काढून जाळा, तिथे पाणी देणं बंद करा आणि जवळ लगेच दुसरी शमी लावू नका.

आणि दसरा. झाड डोक्याएवढं झालं आणि गावाला कळलं की आदल्या दिवसापासून माणसं येतात. ओरबाडून नेलेल्या फांद्यांची साल बुंध्यापर्यंत सोलली जाते आणि वर्षभराची वाढ एका सकाळी संपते. नाही म्हणण्यात अर्थ नाही, पूजेला नाही कोण म्हणणार? मी त्या दिवशी सकाळीच घराकडच्या बाजूच्या काही डहाळ्या धारदार कात्रीने कापून सुपात ठेवते आणि सूप फाटकावर. आलेला माणूस सुपातून घेतो, झाडापर्यंत जात नाही. सूप रिकामं झालं तर पुन्हा कात्री मीच चालवते, दुसऱ्याच्या हातात देत नाही.